ओढलेल्या अणूची ऊब

गेल्या आषाढाच्या अंकांत आम्हीं घड्याळांविषयीं चार शब्द लिहिले होते. डोंगरमाथ्यावरचें अचूक घड्याळ पायथ्याच्या घड्याळाहून किंचित् जलद चालतें, हें सांगून झाल्यावर लेखणीच्या भरांत आम्ही असें लिहून गेलों कीं, जिला ओढ अधिक, म्हणजे जिचें त्वरण अधिक, त्या वस्तूंतील अणूंचा ठोका त्या ओढीमुळेंच मंदावतो. वाक्य कानाला गोड होतें. पण तें खरें नव्हतें.

अंक घरोघर पोहोंचून पंधरा दिवस झाले नसतील तोंच एका वाचक भगिनीचें पत्र आलें. ह्या बाई महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात. त्यांच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे त्यांचे मामंजी आमचें हें सदर मोठ्यानें वाचून दाखवितात, व घरचीं सारीं मुलें तें ऐकतात. तें वाक्य वाचलें गेलें तेव्हां बाईंस चूक तत्काळ दिसली. परंतु चारचौघांदेखत मामंजींच्या तोंडचें वाक्य खोडून काढावयाचें कसें? मुलांनीं तर तें खरें मानून मनांत सांठविलेंहि. म्हणून जेथें चूक जन्मली तेथेंच ती दुरुस्त व्हावी, ह्या विचारानें त्यांनीं आम्हांस लिहिलें. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत आम्हीं तांबड्या शाईच्या खुणा केल्या. आज एक खूण आमच्या वहींत उमटली, ती आम्ही आदरपूर्वक मान्य करतों. पत्राच्या शेवटीं बाईंनीं दोन प्रश्नहि विचारले होते. ओढीमुळें अणूचा ठोका मंदावत नाहीं, तर मग ओढीचा अणूवर परिणाम होतो तरी काय, हा पहिला. दुसरा प्रश्न आम्ही शेवटास घेऊं.

'त्वरण' हा शब्द 'त्वर्' म्हणजे घाई करणें ह्या धातूपासून निघाला खरा, पण शास्त्रांत त्याचा अर्थ केवळ घाई नव्हे. वेग वाढणें, वेग कमी होणें, अथवा वेग तोच राहून दिशा बदलणें, ह्या तिहींसहि त्वरणच म्हणतात. घाटांत एस्. टी. वळण घेते तेव्हां आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलतों, आणि चालकानें एकदम गति रोधली तर पुढच्या बाकावर आदळतों. सरळ रस्त्यावर एकाच वेगानें गाडी चालली असतां डोळे मिटून बसलेल्या माणसास ती चालते आहे कीं उभी आहे हें कळण्यास मार्ग नाहीं. वेग कळत नाहीं, वेगांतला बदल कळतो. आपणांस जें कळतें तें अणूलाहि कळतें काय, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम आमची चूक कोठें झाली तें सांगतों. डोंगरमाथ्यावर पृथ्वीची ओढ किंचित् कमी असते आणि तेथील घड्याळ किंचित् जलद असतें, ह्या दोन गोष्टी एकत्र दिसल्यामुळें एक दुसरीचें कारण आहे असें आम्ही समजून चाललों. वास्तविक कारण उंची हें आहे. माथ्यावर आणि पायथ्याशीं ओढ अगदीं सारखी असती, तरीहि दोन घड्याळांत अंतर पडलेंच असतें. पाऊंड आणि रेब्का ह्या दोघांनीं १९६० सालीं हार्व्हर्ड येथील सुमारें साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यांत लोखंडाच्या अणूंपासून निघणाऱ्या किरणांवर हें अंतर मोजलें. एवढ्याशा उंचींत ओढींतला फरक नांव घेण्याजोगाहि नसतो; उंचींतला असतो.

केवळ ओढीनें ठोका बदलत नाहीं ह्याचा पुरावा त्याच लोखंडांत त्याच वर्षीं मिळाला. खोलींतल्या साध्या उष्णतेनें लोखंडाच्या तुकड्यांतील अणु सारखे थरथरत असतात. हें थरथरणें इतकें जलद असतें कीं प्रत्येक अणूचें त्वरण पृथ्वीच्या ओढीच्या कित्येक पट भरतें. किती पट, हें सांगावयास भास्कराचार्यांच्या लीलावतींतील संख्यानामांचाच आश्रय करावा लागतो. तेथें कोटीच्या पुढें अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व असें चढत जाऊन शेवटीं अंत्य, मध्य आणि परार्ध हीं स्थानें येतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यें. लोखंडांतील अणूंचें त्वरण अंत्य-मध्याच्या घरांत, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या १ वर १५-१६ शून्यें इतकें पट असतें. इतक्या हिसक्यांत त्यांच्या गाभ्यांतून निघणाऱ्या किरणांचा ठोका तापमानाबरोबर अत्यल्प बदलतो, हें खरें; परंतु तो बदल त्यांच्या वेगाचा हिशेब केला कीं पुरा मिळतो. ओढीच्या नांवावर लिहिण्यास कांहीं शिल्लकच राहत नाहीं. पुढें १९७७ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेंत म्यूऑन नांवाचे अल्पायुषी कण चौदा मीटर व्यासाच्या कड्यांत फिरविले. त्यांचें त्वरण पृथ्वीच्या ओढीच्या दहा परार्ध पट होतें. स्थिर असतां जो कण सरासरीनें एका सेकंदाचे दशलक्ष भाग करून त्यांतील २.२ भाग जगतो, तो तेथें ६४ भाग जगला. आयुष्य एकोणतीस पट वाढलें, तें वेगामुळें जितकें वाढावें तितकेंच. दहा परार्ध पट ओढीनें त्यांत क्षणाचीहि भर घातली नाहीं कीं उणें केलें नाहीं.

म्हणजे आमचें वाक्य दोन्ही बाजूंनीं पडलें. येथें एक खुलासा अवश्य आहे. अणूस ओढावयास विजेचें क्षेत्र वापरलें तर तें क्षेत्र अणूच्या रचनेंत थोडी ढवळाढवळ करतेंच. पण तो परिणाम ओढणाऱ्या हाताचा, ओढीचा नव्हे.

तर मग ओढ अणूला मुळींच कळत नाहीं काय? कळते, आणि एके ठिकाणीं तर इतकी बारकाईनें कळते कीं अणु हेंच ओढ मोजण्याचें उत्तम साधन ठरलें आहे. पुंजवादाप्रमाणें अणु हा वाळूच्या खड्यासारखा एकाच जागीं बसलेला कण नसून त्याला लाटेचेंहि रूप आहे. १९९१ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्फर्ड येथें कॅसेव्हिच आणि चू ह्यांनीं सोडियमचे अणु लेसरच्या प्रकाशानें अतिशय थंड करून कारंजाप्रमाणें वर उडविले. उडत असतां त्यांवर लेसरचे तीन झोत क्रमानें टाकले. पहिल्या झोतानें प्रत्येक अणूची लाट दोन वाटांस लागते. निम्मे अणु एका वाटेनें व निम्मे दुसरीनें असें नव्हे, प्रत्येक अणु दोन्ही वाटांनीं. दुसरा झोत वाटा एकमेकींकडे वळवितो व तिसरा त्यांस एकत्र आणतो. एकत्र येतांना दोन लाटा कितपत मागें-पुढें झाल्या आहेत, तें अणु कोणत्या स्थितींत सांपडतात त्यावरून कळतें. हें मागें-पुढें होणें ओढीच्या प्रमाणांत व झोतांमधील काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. काळ दुप्पट केला कीं खूण चौपट होते. १९९९ सालीं चू ह्यांनीं पीटर्स व चुंग ह्या सहकाऱ्यांसह सीझियमचे अणु घेऊन पृथ्वीची ओढ एक अब्ज भागांत तीन भाग इतक्या अचूकपणें मोजली. शेजारींच नेहमीच्या पद्धतीचें, कांचेचा लोलक खालीं पाडून ओढ मोजणारें यंत्र होतें. दोहोंचें उत्तर अब्जांत सात भागांच्या आंत जुळलें. अगणित अणूंची कांच आणि दोन वाटांनीं एकाच वेळीं जाणारा एकटा अणु, दोघेहि सारखेच पडतात.

ह्या प्रयोगांत एक गंमत आहे, ती मुलांनीं ध्यानांत घ्यावी. उडालेल्या अणूस कोणी धरलेलें नसतें. तो आपला निवांत पडत असतो. जमिनीनें धरून ठेवलेलें आहे तें लेसरचें यंत्र. तेव्हां ओढ लागली आहे ती यंत्रास. अणु केवळ साक्षी आहे. खऱ्या अर्थानें अणूलाच ओढलें तर काय होतें, हें ह्यावरून कळत नाहीं. तो भाग आतां घेऊं, आणि आजच्या विषयाचा गाभाहि तोच आहे.

अणूमध्यें शक्तीच्या पायऱ्या असतात. सर्वांत खालच्या पायरीवरील अणूस प्रकाशाचा योग्य कण मिळाला तर तो वर चढतो. वरच्या पायरीवरील अणु प्रकाशकण टाकून खालीं उतरतो. पूर्ण अंधाऱ्या, पूर्ण थंड पोकळींत खालच्या पायरीवर बसलेला अणु वर चढेल काय? त्याला द्यावयास तेथें कांहींच नाहीं, म्हणून चढणार नाहीं. मात्र 'कांहींच नाहीं' हे शब्द जपून वापरावे लागतात. पुंजवादाच्या मतें रिकामी जागाहि पूर्ण निश्चल नसते. तींत विद्युत्क्षेत्राची अतिसूक्ष्म चुळबूळ चालूच असते. १९४७ सालीं लँब आणि रेदरफोर्ड ह्यांनीं हायड्रोजनच्या ज्या दोन पायऱ्या एकाच उंचीच्या मानल्या जात, त्यांत थोडें अंतर असल्याचें दाखविलें, आणि त्याचें कारण बव्हंशीं ही चुळबूळच ठरली. परंतु स्थिर अथवा एकाच वेगानें जाणाऱ्या अणूस ही चुळबूळ शक्ति देऊं शकत नाहीं. ती कुजबूज ऐकूं येते, पण हातावर पै पडत नाहीं.

१९७६ सालीं विल्यम अन्रू ह्या कॅनडाच्या शास्त्रज्ञानें प्रश्न केला कीं, हाच अणु एकसारख्या त्वरणानें ओढला तर? त्याच्या आधीं १९७३ सालीं फुलिंग ह्यानें आणि १९७५ सालीं डेव्हिस ह्यानें ह्या वाटेवर पावलें टाकलीं होतीं. अन्रूचें उत्तर असें कीं, ओढला जाणारा अणु त्याच रिकाम्या जागेंत असा वागेल, जणूं तो एखाद्या ऊबदार भट्टींत ठेवला आहे. तो मधून मधून वरच्या पायरीवर चढेल. भट्टीचें तापमान त्वरणाच्या सरळ प्रमाणांत असेल. अणु सोडियमचा असो कीं हायड्रोजनचा, तापमान तेंच.

रिकाम्या जागेंतून ऊब आली कोठून? एकसारखा ओढला जाणारा प्रवासी प्रकाशाला गांठूं शकत नाहीं, परंतु त्याच्या मागें पुरेशा अंतरावरून निघालेला प्रकाशहि त्यास कधीं गांठूं शकत नाहीं. तो सतत वेग वाढवीत असल्यामुळें त्याच्या पाठीशीं एक क्षितिज तयार होतें. पृथ्वीच्या ओढीएवढ्या त्वरणानें जाणाऱ्यास तें क्षितिज सुमारें एक प्रकाशवर्ष मागें असतें. त्याच्या पलीकडील वार्ता त्याला कधींच कळावयाची नाहीं. आतां पोकळींतील जी चुळबूळ, तिचें एक वैशिष्ट्य असें कीं क्षितिजाच्या अलीकडील व पलीकडील चुळबूळ एकमेकींशीं घट्ट बांधलेली असते. शेजारच्या खोलींत कोणी दूरध्वनीवर बोलत असलें तर आपणांस 'हो', 'छे', 'उद्यां कशाला', 'बरें मग' असे तुटक शब्द ऐकूं येतात. संभाषण सुसंगत असतें. पण अर्धेंच कानीं पडल्यामुळें आपणांस तें अद्वातद्वा वाटतें. तसेंच येथें. संपूर्ण पोकळी शांत आणि सुसंगत आहे. जिला अर्धीच ऐकूं येते, त्या वस्तूस उरलेलें अर्धें अव्यवस्थित भासतें, आणि अव्यवस्थित हालचाल म्हणजेच उष्णता.

हें वाचून आमच्या मनांत जी शंका आली ती बहुतेकांच्या मनांत येईल. अणूबरोबर जाणारा म्हणणार, येथें ऊब होती, तींतला एक कण घेऊन अणु वर चढला. बाहेर स्वस्थ उभा असलेला म्हणणार, येथें तर कांहींच नव्हतें. दोघांपैकीं खोटें कोण? अन्रू आणि वॉल्ड ह्यांनीं १९८४ सालीं ह्याचा निवाडा केला, आणि तो आम्हांस फार आवडला. बाहेरच्यास असें दिसतें कीं अणु वर चढला आणि चढतांचढतां त्यानें एक प्रकाशकण बाहेर टाकला. आंतला ज्याला घेणें म्हणतो, त्यालाच बाहेरचा टाकणें म्हणतो. अणु वर चढला ह्याबद्दल दोघांचें एकमत आहे. मग चढावयास आणि टाकावयास लागणारी शक्ति कोणीं भरली? जो अणूस ओढीत होता त्यानें. प्रकाशकण टाकतांना अणु मागें रेटतो, आणि तेवढा जास्त जोर ओढणाऱ्यास लावावा लागतो. दोन माणसांच्या खतावण्या निरनिराळ्या, पण शिल्लक एकच. फुकटचें कांहीं कोणास मिळालेलें नाहीं, हें येथें विशेषतः सांगणें जरूर आहे. कारण 'पोकळींतून शक्ति' अशा जाहिराती करणारे लोक आजकाल पुष्कळ झाले आहेत.

आतां ही ऊब किती? पृथ्वीच्या ओढीएवढ्या त्वरणास, एका अंशाचे अडीचशें परार्ध भाग केले तर त्यांतील एक भाग. उलट बाजूनें, निरपेक्ष शून्याहून एकच अंश ऊब यावी म्हणून पृथ्वीच्या ओढीच्या अडीचशें परार्ध पट त्वरण पाहिजे. जर्मनींत ब्रेमेन येथील मनोऱ्यांतून रुबिडियमचे अणु मोकळे खालीं सोडून त्यांचें तापमान निरपेक्ष शून्याच्या इतकें जवळ आणण्यांत आलें कीं एका अंशाचे अब्ज भाग करून त्यांतील एकाचाहि पंचविसावा हिस्सा उरला. हें वृत्त २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. इतकी ती विलक्षण थंडी; पण पृथ्वीच्या ओढीनें यावयाची ऊब त्या थंडीहूनहि अब्जपट थंड! सर्नमधील म्यूऑनांचें दहा परार्ध पट त्वरण ह्याच सूत्रांत घातलें तरी एका अंशाच्या विसाव्या हिश्श्याहूनहि कमी तापमान निघतें. तेथें कांहीं दिसलें नाहीं, ह्यांत नवल नाहीं.

म्हणून अन्रूची ऊब आजवर निर्विवादपणें प्रत्यक्ष मोजली गेलेली नाहीं. प्रयत्न मात्र पुष्कळ आहेत. जॉन बेल आणि लीनास ह्यांनीं १९८३ सालीं सुचविलें कीं, मोठ्या यंत्रांत वर्तुळाकार फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांस थर्मामीटर समजावें. त्या इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म चुंबक हळूहळू एकाच दिशेस वळतात, परंतु शेंकडा शंभर न वळतां सुमारें ९२वर थांबतात. उरलेले आठ ऊबेमुळें डळमळतात असें म्हणतां येतें. पण हा आंकडा साध्या हिशेबानें १९६० च्या दशकांतच निघालेला होता, व वर्तुळांतील ओढ ही सरळ रेषेंतील ओढीहून निराळी. सबब ह्यास पुरावा म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. २०२२ सालीं बार्बारा शोडा, विविशेक सुधीर आणि आखिम केम्फ ह्यांनीं निराळीच युक्ति मांडली. अणूवर प्रकाशाचा वर्षाव केला तर अन्रूच्या पद्धतीचें चढणें कितीतरी पटींनीं वाढेल. पण साधें चढणेंहि वाढून सगळा घोटाळा होईल. तेव्हां अणूच्या मार्गांतील त्वरण असें बेतावें कीं साधें चढणें बंद पडावें, म्हणजे अणु त्या प्रकाशास जणूं पारदर्शक व्हावा, आणि जें चढणें उरेल तें केवळ ओढीचें. युक्ति कागदावर उत्तम आहे.

ह्या विषयाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोंचतो. तिरुवनंतपुरम् येथें १९५७ सालीं जन्मलेले थाणू पद्मनाभन १९९२ पासून पुण्याच्या आयुका संस्थेंत होते. २०२१ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचा विचार असा कीं, पाणी तापतें ह्यावरूनच तें सूक्ष्म कणांचें बनलें आहे असें अनुमान करतां येतें, कारण उष्णता सांठवावयास कण हवेत. मग ओढल्या जाणाऱ्यास रिकामें अवकाशहि तापलेलें वाटतें, तर अवकाशालाहि कण असतील काय? गुरुत्वाकर्षण हें त्या कणांच्या उष्णतेचेंच शास्त्र असेल काय? हें अद्याप सिद्ध नाहीं. पण ह्या मार्गानें त्यांनीं आयुष्याचीं बरींच वर्षें काम केलें.

येथें कोणी वडीलधारे म्हणतील कीं कणादांनीं हें पूर्वींच सांगून ठेवलें आहे. आम्हीं वैशेषिकाचें थोडेंबहुत अध्ययन केलें आहे, म्हणून स्पष्ट लिहितों. त्यांनीं परमाणु मानिले, वेग हा एक संस्कार मानिला, हा त्यांच्या तर्काचा मोठेपणा आहे. पण त्यांचें आकाश म्हणजे आजची पोकळी नव्हे. तें शब्दगुणाचें एक स्वतंत्र द्रव्य आहे. नांवें सारखीं दिसलीं म्हणून आपण त्यांच्या तोंडीं अन्रूचें सूत्र घालूं लागलों, तर आम्हीं डोंगर आणि घड्याळ ह्यांविषयीं केली तीच चूक पुन्हां होईल.

राहिला बाईंचा दुसरा प्रश्न. तो त्यांच्या नवव्या वर्षाच्या पुतण्याचा आहे म्हणे. मेजावर ठेवलेल्या लाडवालाहि मेज सतत वर रेटीत असतें, मग लाडवांतले अणु ह्या ऊबेनें तापत असतील काय? प्रश्न कठीण आहे. उत्तर बाईंस दाखवूनच आम्ही छापीत आहों. पृथ्वीवर स्वस्थ असलेल्या लाडवाच्या पाठीशीं क्षितिज नाहीं. कोठूनहि निघालेला प्रकाश त्याला आज ना उद्यां गांठतोच, त्याच्यापासून कायमचें लपलेलें असें कांहीं नाहीं. संभाषण दोन्ही बाजूंनीं ऐकूं येतें. म्हणून वरचें सूत्र तेथें लावणें चूक होईल, आणि त्या लाडवास ही ऊब मिळत नाहीं. हीच सारी पृथ्वी दाबून नऊ मिलिमीटर त्रिज्येच्या आंत बसविली तर मात्र तिचें कृष्णविवर होऊन क्षितिज निर्माण होईल. आणि त्याच्या कांठावर दोरीनें टांगून ठेवलेला लाडू, हॉकिंग ह्यांनीं १९७४ सालीं दाखविल्याप्रमाणें, खरोखरीच तापेल.